हे पान कोणत्या फाइलचं?

[दृश्य : संगणकाच्या पडद्यावर लिनक्स कर्नलची एक सोर्स फाइल. सुरुवातीचं एक टिपण ठळक होतं.]

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, 'एमएम' फोल्डरमध्ये 'फाइलमॅप डॉट सी' नावाची फाइल आहे. डिस्कवरच्या फाइलचा मजकूर मेमरीत आणायचा, तिथं सांभाळायचा आणि मागणाऱ्या प्रोग्रामला द्यायचा, हे काम बहुतेक फाइलसिस्टिमांसाठी (डिस्कवर फाइली मांडणाऱ्या व्यवस्थांसाठी) इथला कोड करतो. फाइल उघडली की वरच्याच भागात एक टिपण (कमेंट), म्हणजे कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेला मजकूर, लागतं. सामायिक मॅपिंग (एकच फाइल अनेक प्रोग्रामांनी आपापल्या मेमरीत जोडून घेणं) ३० नोव्हेंबर १९९४ रोजी लिहून झालं, पण ते अजून पुरतं चालत नाही, अशी त्यात कबुली आहे. लगेच खाली दुसरी नोंद : आता चालतं, १५ ऑगस्ट १९९५, ब्रूनो. त्याखाली २१ मे १९९९ ची इंगो मोल्नार यांची नोंद. पेज कॅश आणि बफर कॅश, म्हणजे डिस्कवरचा मजकूर मेमरीत ठेवायच्या दोन जागा, एक करण्याचं काम तडीला नेल्याचं ती सांगते.

कंपायलर यातलं एक अक्षरही वाचत नाही, टिपणं तो सरळ टाकून देतो. तरीही इतक्या वर्षांत आजूबाजूचा जवळपास सगळा कोड बदलला आणि ह्या ओळी राहिल्या. 'अजून चालत नाही' हे वाक्यसुद्धा कुणी खोडलं नाही. पुढच्या माणसानं फक्त त्याखाली आपली ओळ घातली.

[दृश्य : म्हार्दोळ. पावसाची झड. घराच्या पडवीत लॅपटॉप घेऊन बसलेले विद्यार्थी.]

हा कोड आम्ही ओळ-ओळ वाचला जाताना पाहिला तो फोंडा तालुक्यात, म्हार्दोळच्या एका घरात. घरातली मुलगी फाइलसिस्टिम ड्रायव्हरवर, म्हणजे फाइलसिस्टिम चालवणाऱ्या कर्नलमधल्या कोडवर, काम करते. फर्मागुढीला अभियांत्रिकी शिकणारी काही मुलं सुटीच्या दिवशी तिच्याकडे येतात. त्यांतली काही सत्तरीतून, काही पेडण्यातून आलेली. प्राथमिक शाळा मराठीत झालेली. पडद्यावरचा कोड इंग्रजीत असतो, पण त्यावरचा वाद मराठीत रंगतो आणि तापला की कोकणीत शिरतो.

आधी पेज कॅश म्हणजे काय ते पाहू. प्रोग्रामनं फाइल वाचायला मागितली की कर्नल प्रत्येक वेळी डिस्कपर्यंत जात नाही. एकदा वाचलेला मजकूर तो मेमरीत पानापानानं ठेवतो. आपल्या नेहमीच्या संगणकांवर एक पान ४०९६ बाइटांचं. फाइलमधली १०,००० वी जागा हवी असेल तर ४०९६ नं भागायचं : क्रमांक दोनचं पान, आणि त्या पानात १८०८ बाइट पुढं. पानांची मोजणी शून्यापासून. पान कॅशमध्ये सापडलं तर डिस्कला हात लावावा लागत नाही.

लिहिणंही आधी इथंच होतं. मजकूर पानावर बदलतो, पान 'डर्टी' ठरतं आणि डिस्कवर जातं ते नंतर. मूळ सेटिंगप्रमाणे कर्नलचा लेखनिक दर ५ सेकंदांनी उठतो आणि ३० सेकंदांपेक्षा जुनी डर्टी पानं बाहेर पाठवायला घेतो. गोव्यात जून-जुलैत हा आकडा कोरडा राहत नाही. देवस्थानाचा जमाखर्च कुणी टाइप करत बसलंय, माडाची झावळी तारांवर पडली, वीज गेली. प्रोग्रामनं 'एफसिंक' मागून मजकूर डिस्कवर उतरवून घेतला नसेल, तर गेल्या काही सेकंदांतल्या नोंदी त्या पानांसकट जातात. सेव्हचं बटण दाबलेलं असतं, पडद्यावर सगळं ठीक दिसलेलं असतं. म्हणून ड्रायव्हर लिहिणाऱ्यानं पेज कॅश तोंडओळखीवर सोडून चालत नाही.

[दृश्य : फळ्यावर आकृती. एक चौकोन 'आयनोड', त्यातून निघणारा बाण.]

प्रत्येक फाइलमागं एक आयनोड, म्हणजे कर्नलनं ठेवलेली त्या फाइलची माहिती, असतो. त्याच्या पोटातच 'आय-डेटा' नावाची एक रचना असते. तिचा प्रकार 'ॲड्रेस स्पेस'. ह्या फाइलची कोणती पानं मेमरीत आहेत, त्यांची नोंद तिच्यात राहते. पूर्वी ही नोंद रॅडिक्स ट्रीमध्ये असायची, आता एक्सअ‍ॅरेमध्ये असते. शिवाय आयनोडात 'आय-मॅपिंग' नावाचा एक पॉइंटर असतो. तो बहुतेक वेळा आपल्याच आय-डेटाकडे बोट दाखवतो.

बहुतेक वेळा. नवशिक्या ड्रायव्हरचा घात होतो तो इथंच. डिस्कचा एकच ब्लॉक डिव्हाइस (कर्नलला दिसणारी अख्खी डिस्क किंवा तिचा भाग) दोन वेगळ्या नावांच्या नोडमधून, म्हणजे त्याच्याकडे नेणाऱ्या खास फाइलींतून, उघडता येतो. दोघांनी आपापली वेगळी पानं ठेवली तर एकाचं लिहिणं दुसऱ्याला दिसणार नाही. म्हणून त्या डिव्हाइससाठी मॅपिंग (पानांची नोंद ठेवणारी ॲड्रेस स्पेस) एकच आणि दोन्ही वाटा तिथंच जातात. कोडा ही नेटवर्क फाइलसिस्टिम आणखी पुढं जाते. तिच्या फाइलचा खरा मजकूर स्थानिक डिस्कवरच्या दुसऱ्याच एका फाइलमध्ये असतो. प्रोग्रामनं एममॅप केलं, म्हणजे फाइल थेट आपल्या मेमरीत जोडून घेतली, की कोडा आपल्या आयनोडचं आय-मॅपिंग त्या दुसऱ्या फाइलच्या मॅपिंगकडे वळवते. मग मॅपिंगला 'तुझा होस्ट, म्हणजे मालक आयनोड, कोण?' असं विचारलं तर उत्तर कोडाच्या आयनोडचं येत नाही, आतल्या फाइलचं येतं.

आता ईएक्सटी-फोर ह्या लिनक्सवर नेहमी भेटणाऱ्या फाइलसिस्टिमचा कोड पाहा. वाचताना-लिहिताना तो आय-मॅपिंग वापरतो. पण आयनोड मेमरीतून कायमचा काढताना पानं झाडायची असतात, तिथं तो थेट आय-डेटा धरतो. वरवर पाहिलं तर एकाच गोष्टीची दोन नावं वाटतात आणि एखाद्याला ती एकसारखी करून टाकायचा मोह होईल. ते चूक आहे. आयनोड जाताना त्यानं स्वतःची पानं झाडायची. पॉइंटर दुसरीकडे वळलेला असेल तर तिथली पानं त्याची नव्हेत. म्हार्दोळच्या पडवीत ह्या एका फरकावर बराच वेळ गेला आणि तो द्यायलाच हवा होता. अशा ठिकाणी ड्रायव्हरमध्ये एका ओळीचं टिपण असावं : इथं आय-डेटाच का. काय चाललंय ते कोड स्वतः सांगतो. कोणता पर्याय मुद्दाम नाकारला, हे त्यातून कळत नाही.

कर्नलची शैलीपुस्तिकाही ह्याच बाजूची आहे. कोड कसा चालतो हे टिपणात समजावत बसू नका, तो वाचून कळेल असा लिहा, असं ती बजावते.

[दृश्य : एक विद्यार्थी पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवतो.]

"ताई, पान सापडलं, त्याचं लॉक घेतलं. मग परत मॅपिंग कशाला तपासायचं?"

प्रश्न 'फाइलमॅप-फॉल्ट' ह्या फंक्शनमधला आहे. मेमरीत जोडलेल्या फाइलचं पान प्रोग्रामला हवं असतं पण हाताशी नसतं, तेव्हा पेज फॉल्ट होतो आणि हे फंक्शन ते आणून देतं. लॉक म्हणजे आपलं काम होईपर्यंत दुसऱ्यांना थांबवणारं कुलूप. पान शोधणं आणि त्याचं लॉक मिळणं यांच्यामध्ये वेळ जातो. तेवढ्यात दुसरा कुणी फाइल छोटी करू शकतो. मग ते पान ह्या फाइलचं राहत नाही, त्याच्यावरची मॅपिंगची खूण पुसली जाते. आपल्याकडे जमीन घेताना एक-चौदाचा (जमिनीच्या हक्कनोंदीचा) उतारा आधी पाहिलेला असतो, तरी खरेदीखतावर सही करण्याच्या दिवशी जाणता माणूस ताजा उतारा काढतो. तसंच इथं. लॉक हातात आल्यावर कर्नल पानाचं मॅपिंग पुन्हा पडताळतो. जुळलं नाही तर लॉक सोडतो, पान सोडतो आणि पहिल्यापासून शोधतो.

त्या तपासणीच्या डोक्यावर चार शब्दांचं टिपण आहे, प्रश्नाच्या रूपात : मध्येच हे कापलं तर गेलं नाही? मला ते फार आवडतं. तपासणी कशाच्या भीतीनं आहे ते त्यात आलं. ते नसतं तर कुणीतरी हुशारीनं ती फालतू समजून काढली असती, चाचण्याही बहुधा पास झाल्या असत्या आणि एखाद्या दिवशी, भर कामात, प्रोग्रामला फाइलमधून निघून गेलेलं पान मिळालं असतं.

त्याच फाइलमध्ये लॉकच्या क्रमाचंही एक लांब टिपण आहे : कोणतं लॉक आधी, कोणतं त्याच्या आत, आणि कोणत्या फंक्शनमुळे. एकानं हा क्रम उलटा केला की दोन प्रोसेस एकमेकांची वाट पाहत गोठू शकतात. अख्खा क्रम एका ठिकाणी दिसतो तो टिपणातच, कारण त्याचे तुकडे वेगवेगळ्या फाइलींत विखुरलेले आहेत.

[दृश्य : दोन आवृत्त्यांमधला फरक, लाल आणि हिरव्या ओळी.]

आणि टिपणं शिळी होतात. २०१६ मध्ये कर्नल ४.७ आला तेव्हा आयनोडचं 'आय-म्युटेक्स' हे लॉक जाऊन त्याजागी 'आय-आरडब्ल्यूसेम' आलं. कोड त्याच वेळी बदलला. टिपणांमध्ये मात्र आय-म्युटेक्स तसाच राहिला. मेमरीच्या भागातली अशी टिपणं कर्नलवर काम करणारे यान कारा यांनी दुरुस्त केली ती ५.१५ मध्ये, म्हणजे २०२१ साली. नवा माणूस मधली पाच वर्षं तिथं नसलेल्या लॉकचं नाव वाचत होता.

त्याच ५.१५ मध्ये मॅपिंगला नवं 'इनव्हॅलिडेट लॉक' मिळालं. फाइलच्या मधला तुकडा मोकळा करताना आधी कॅशमधली पानं काढायची आणि मग डिस्कवरचे ब्लॉक सोडायचे असतात. ह्या दोन पायऱ्यांच्या फटीत पेज फॉल्ट आला तर सुटू घातलेल्या ब्लॉकचंच पान पुन्हा कॅशमध्ये येतं. पुढं तो ब्लॉक दुसऱ्या फाइलला मिळाला की दोन फाइलींचा मजकूर एकमेकांत मिसळण्याचा धोका. ईएक्सटी-फोर आणि एक्सएफएस ह्या फाइलसिस्टिमांनी यासाठी आपापली लॉकं ठेवली होती. आता त्यांच्या जागी हेच. त्यापुढच्या ५.१६ पासून पानांच्या जागी फोलिओ (एक किंवा अनेक पानांचा गठ्ठा) येऊ लागले आणि टिपणांमधला 'पेज' हा शब्दही जागोजागी तपासायची वेळ आली.

मुलांना दिलेला अभ्यास यातूनच निघालाय. ड्रायव्हरमधलं एक टिपण घ्यायचं, त्यात नाव असलेलं प्रत्येक लॉक आणि फंक्शन आजच्या सोर्समध्ये आहे का ते शोधायचं. 'इथं आय-म्युटेक्स धरलेला असतो' असं कुठं सापडलं तर नुसतं नाव बदलून भागत नाही. म्युटेक्स एका वेळी एकालाच मिळतो, आरडब्ल्यूसेम मात्र वाचणाऱ्या अनेकांना एकत्र धरता येतो. ४.७ नंतर डिरेक्टरीतलं नाव शोधताना तो असाच सामायिक धरतात. तेव्हा टिपण लिहिण्याआधी त्या फंक्शनला बोलावणारी प्रत्येक जागा वाचायची आणि लॉक एकट्यासाठी धरलंय की सामायिक, ते पाहायचं.

एका मुलीचा पॅच, म्हणजे सोर्समध्ये सुचवलेला बदल, आता तयार आहे. बदल एका ओळीचा. वर्णन त्याहून मोठं : कोणत्या जागा पाहिल्या आणि लॉक कुठं कसं धरलेलं सापडलं. कोडमधली दुसरी एक सुधारणा तिला सुचली होती, ती तिनं वेगळ्या पॅचमध्ये ठेवलीय. खाली 'साइन्ड-ऑफ-बाय'ची, म्हणजे हा बदल पाठवायचा आपल्याला अधिकार आहे अशी ग्वाही देणारी, ओळ आणि तिचं पूर्ण नाव.