सपाट रेघेचे दोन अर्थ

[दृश्य: नंदुरबार. हिवाळ्यातली सकाळ. मिरचीची पथारी.]

नंदुरबारच्या बाहेर पडलं की पथारी जवळ आल्याचं आधी नाकाला कळतं. मग दिसते नुसती लाल जमीन, दूरपर्यंत. ओली मिरची विकत घ्यायची, उघड्या मैदानावर पसरायची, वरखाली करत उन्हात वाळवायची. त्या मैदानालाच इथे पथारी म्हणतात. तोंडाला फडकं बांधून मिरची निवडणाऱ्या एक मावशी मूठभर मिरच्या आमच्यापुढे धरतात. "दखा भाऊ, कसा लाल से." त्यातल्या एका मिरचीच्या देठाशी राखाडी डाग आहे. मावशी काही न बोलता ती बाजूला टाकतात.

डाग बुरशीचा आहे. वाळत घातलेल्या मिरचीवर अवकाळी पाऊस पडला, आत ओल राहिली, की अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करू शकते. यकृताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. युरोपात मिरचीसाठी अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा किलोला ५ मायक्रोग्रॅम. म्हणजे १० टनांच्या ट्रकमध्ये ५० मिलिग्रॅम! चिमूटभर मीठ याहून जड भरतं. मावशींच्या नजरेला डाग दिसतो. पण वरून स्वच्छ दिसणाऱ्या मिरचीचं काय?

[दृश्य: प्रयोगशाळा. काचेच्या छोट्या बाटलीत मिरचीचा केशरी अर्क.]

लिक्विड क्रोमॅटोग्राफीच्या नळीत अर्कातले पदार्थ मागेपुढे होत सुटे पडतात. पुढे मास स्पेक्ट्रोमीटर त्यांचं वजन करतो. या तराजूची अट एकच: रेणूवर विद्युतभार हवा. बिनभाराचा रेणू व्हॅक्यूम पंपावाटे निघून जातो आणि पडद्यावर सपाट रेघ उरते. त्या रेघेचे दोन अर्थ होतात. पदार्थ नाही, किंवा पदार्थ आहे पण त्यावर भार बसला नाही.

भार बसवायची सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे इलेक्ट्रोस्प्रे. सुईच्या टोकाला काही हजार व्होल्ट दिले की द्रवाचे भारित थेंब उडतात. गरम नायट्रोजनमध्ये ते आटतात, फुटतात आणि शेवटी भारित रेणू मोकळे होतात. जॉन फेन यांनी १९८४ मध्ये ही पद्धत मास स्पेक्ट्रोमीटरला जोडून दाखवली. २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. अफ्लाटॉक्सिन बी-१ इथे एक प्रोटॉन घेऊन ३१३ या वजनाच्या आकड्यावर दिसतं.

पण आपल्याकडे एलसी-एमएस, म्हणजे क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमीटरची ही जोडी, म्हणजे इलेक्ट्रोस्प्रेच, हे समीकरण इतकं पक्कं बसलंय की मला त्याची काळजी वाटते. मिरचीच्या अर्कात तेल असतं, रंगद्रव्यं असतात, तिखटपणा देणारं कॅप्सेसिन असतं. ही सगळी मंडळी विषाबरोबर एकाच वेळी सुईतून बाहेर पडली, तर थेंबावरच्या मोजक्या भारासाठी झोंबाझोंबी होते. त्यात विषाचा संकेत दबतो. मिरचीतलं बीटा-कॅरोटीन तर आणखी अवघड. ४० कार्बन, ५६ हायड्रोजन, बाकी काही नाही. प्रोटॉनला बसायला धड जागाच नाही.

मग दुसऱ्या वाटा. एपीसीआय, म्हणजे वाफेत रासायनिक रीतीने भार बसवण्याच्या पद्धतीत, आधी सगळा द्रव ४०० अंशांच्या आसपास तापवून त्याची वाफ करतात. वाफेत एका सुईच्या टोकाशी कोरोना डिस्चार्ज, म्हणजे हवेत होणारा बारीकसा विद्युतस्राव, पेटलेला असतो. भार आधी नायट्रोजनवर, तिथून पाण्याच्या वाफेवर, आणि तिथून आपल्या रेणूवर जातो. थेंबावरची झोंबाझोंबी इथे बरीच कमी होते, कॅरोटीनही दिसू लागतं. मात्र उष्णतेने मोडणारा रेणू इथे टिकत नाही.

तिसरी वाट मला सगळ्यांत देखणी वाटते: प्रकाशाची. २००० साली रॉब, कोवी आणि ब्रुइन्स यांनी मांडलेली एपीपीआय, म्हणजे प्रकाशाने भार बसवण्याची पद्धत. क्रिप्टॉनचा दिवा वाफेवर अतिनील किरण टाकतो. त्याच्या फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाची, ऊर्जा सुमारे १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट (रेणूंच्या पातळीवरचं ऊर्जेचं माप). मिथेनॉलचा इलेक्ट्रॉन काढायला १०.८ लागतात, पाण्याचा काढायला १२.६. म्हणून मिथेनॉल-पाण्याचा द्रावक गप्प बसतो. थोडं टोल्युइन सोडलं तर त्याला ८.८ पुरतात. ते भार घेतं आणि पुढच्या रेणूला देतं. धुरातल्या, डांबरातल्या बहुवलयी हायड्रोकार्बनसारखे रेणू इलेक्ट्रोस्प्रेला सहसा दाद देत नाहीत. या दिव्याखाली ते बोलके होतात.

[दृश्य: पडद्यावर सपाट रेघ.]

हा आलेख इलेक्ट्रोस्प्रेचा आहे. ३१३ च्या जागी काही नाही. मिरची स्वच्छ म्हणायची? थांबा. सगळे १७ कार्बन एकेका एककाने जड (कार्बन-१३) असलेलं अफ्लाटॉक्सिन बी-१ विकत मिळतं. वजन सोडलं तर ते हुबेहूब तसंच. ते मोजून नमुन्यात घालायचं आणि पुन्हा चालवायचं. ३३० वर त्याचं शिखर नीट उभं राहिलं, तर सपाट रेघ खरी. तेही दबलेलं निघालं, तर अर्क आणखी शुद्ध करा, नाहीतर सोर्स, म्हणजे भार बसवायची पद्धत, बदलून बघा.

[दृश्य: पुन्हा पथारी. ढग दाटलेले.]

इकडे वारा सुटलाय. मावशी आणि बाकीच्या बाया निवडणं टाकून उठल्यात. लाल ढिगांवर ताडपत्री ओढली जातेय.