बासनात गुंडाळा

मंडळी, ‘बासनात गुंडाळणे’ हा वाक्प्रचार आपण एखादा प्रस्ताव कायमचा बाजूला सारला की वापरतो. मूळ बासन मात्र पोथी जपणारं कापड. पोथी रोज सोडायची, रोज बांधायची, आणि फडकं वर्षानुवर्षं तेच. नाताळच्या भेटी कोणत्या कागदात गुंडाळाव्यात असं विचारलं जातं, तेव्हा माझं उत्तर या बासनापासून सुरू होतं. कागद कोणता हे नंतर बघू. आधी ठरवा, भेट चिकटवायची की बांधायची?

छापील नक्षीचा भेटकागद तसा फार जुना नाही. १९१७ च्या नाताळात अमेरिकेत कॅन्सस सिटीत हॉल बंधूंच्या दुकानातला पातळ टिश्यू कागद संपला. त्यांनी पाकिटांच्या आतून लावायचा फ्रेंच नक्षीदार कागद काउंटरवर ठेवला आणि तो हातोहात खपला. हेच पुढे शुभेच्छापत्रांची हॉलमार्क कंपनी झाले. पारदर्शक चिकटपट्टी आली १९३० मध्ये, थ्रीएम या अमेरिकी कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांच्याकडून. तोवर पुडकी दोरीने किंवा फितीने बांधत, नाहीतर लाखेने बंद करत.

आता हा चमचमता कागद बघा. बहुतेक वेळा ही प्लास्टिकची फिल्म असते, तिच्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर बसवलेला असतो. कधी खाली खरा कागद आणि वर प्लास्टिक, अशी जोडी असते. ओळखायचं कसं? मुठीत घट्ट चुरगळा आणि सोडा. बोळा तसाच राहिला तर कागद, हळूहळू उलगडायला लागला तर प्लास्टिक. जोडकागद मात्र या परीक्षेत फसवतो, म्हणून एक कोपरा फाडूनही बघा. खऱ्या कागदाच्या फाटलेल्या कडेला तंतू दिसतात, जोडकागदाची वरची फिल्म ताणली जाऊन लोंबते. असा माल रद्दीवाला घेत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. चमकीही प्लास्टिकचीच. युरोपियन युनियनने सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर ऑक्टोबर २०२३ पासून निर्बंध आणले.

पण साधा कागद घेतला म्हणून सुटलो असं नाही. खाकी कागदावर आपण वीतभर चिकटपट्टी मारतो. ती पट्टी प्लास्टिकची. कागदाचा लगदा करताना तिचा गोंद मऊ पडतो, जाळीतून निसटतो आणि पुढे रोलरला चिकटतो. तयार होणारा कागद तिथे फाटतो, यंत्र थांबतं. शिवाय घरी आलेला पाहुणा पट्टी ओढतो आणि कागदाची चिंधी होते, म्हणजे पुन्हा वापरायचा प्रश्नच मिटला.

कागदच हवा असेल तर मोजून कापा. २५ × १८ × ६ सेंटिमीटरचा खोका घ्या. रुंदी आणि उंचीची बेरीज २४, दुप्पट ४८, वर ३ सेंटिमीटर जोडाला, झाले ५१. दुसरी बाजू म्हणजे लांबी २५ अधिक उंचीची दीडपट, म्हणजे ३४. इथे बहुतेक जण अंदाजाने मोठा तुकडा कापतात, मग टोकाला जाड घड्या पडतात आणि त्या दाबून ठेवायला पट्टी लागते. बेताचा कागद सुतळीने अधिकच्या चिन्हासारखा (+) बांधला की निमूट बसतो. सुतळीऐवजी केळीच्या सोपाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, दोरा चालतो, फक्त तो आधी भिजवून घ्या. कोरडा वाकवला की तुटतो.

कुठे चिकटवायचंच असेल तर खळ करा. एक मोठा चमचा मैदा अर्ध्या वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा आणि मंद आचेवर अर्धपारदर्शक होईपर्यंत ढवळा. पातळ राहिली तर कागद भिजून सुरकुततो. आणि बांधणी नाताळच्या फक्त दोन दिवस आधी करा, त्याहून लवकर नको, कारण खळ मुंग्यांना आणि कसरीलाही आवडते.

आता कापड. वस्तू बांधायच्या चौकोनी कापडाला जपानमध्ये फुरोशिकी म्हणतात. २००६ मध्ये तिथल्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी जुन्या प्लास्टिक बाटल्यांच्या धाग्याची फुरोशिकी पुढे आणली होती. आपल्याला मात्र काही विणून आणायची गरज नाही. हळदीकुंकवाला मिळालेले, कधीच न शिवलेले आणि या घरातून त्या घरात फिरत राहणारे ब्लाउज पीस प्रत्येक कपाटात आहेत. फिरणं हा त्यांचा स्वभावच आहे, तर फिरू द्या! नवं सुती कापड विकत आणून त्याला ‘पर्यावरणस्नेही’ म्हणणं मला पटत नाही. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २०११ च्या अहवालात हिशेब मांडला होता: एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या तुलनेत सुती पिशवी हवामानावरच्या परिणामाच्या बाबतीत बरोबरीला यायला ती १३१ वेळा वापरावी लागते. कापड घरातलं असेल आणि परत येणार असेल, तरच त्याला अर्थ.

जुनी सुती साडी घ्या. साडेपाच मीटर लांब, साधारण ११० सेंटिमीटर पन्हा. पन्ह्याचे दोन भाग केले की ५५ सेंटिमीटरचे वीस चौकोन निघतात. बसण्याच्या जागी विरलेला भाग आणि झिजलेला खालचा काठ सोडला तरी बारा-चौदा हाती लागतात. कडा अर्धा-अर्धा सेंटिमीटर दोनदा दुमडून शिवा. उरतो ५३ चा चौकोन, कर्ण ७५. त्यात डेमी आकाराचं पुस्तक, २२ सेंटिमीटर लांब आणि ३ जाड. लांबी आणि जाडी मिळून २५, दुप्पट ५०. उरले २५, म्हणजे गाठीला दोन्हीकडे बारा-बारा. दहाच्या खाली गेलात तर गाठ बसत नाही. जॉर्जेट किंवा नायलॉन नको, गाठ घसरते. कडक खळीचं कापडही नको, गाठीशी फुगतं.

कापड शंकरपाळीसारखं तिरकं पसरा. पुस्तक मधोमध, त्याची लांबी डावी-उजवीकडे. जवळचं टोक पुस्तकावरून नेऊन खाली खोचा, लांबचं टोक वरून आणा. उरली दोन टोकं. डावं उजव्यावर घेऊन एक पेच, मग उजवं डाव्यावर घेऊन दुसरा. दोन्ही वेळा डावंच वर घेतलं तर चुकलं. चूक लगेच दिसते: बरोबर गाठीची टोकं आडवी, डावी-उजवीकडे पडतात, चुकलेल्या गाठीची वर-खाली उभी राहतात, आणि ती गाठ हळूहळू सैल होते. बरोबर गाठ सोडायलाही सोपी. एक टोक आणि त्याच बाजूचं कापड दोन हातांत धरून विरुद्ध दिशांना ओढा. ते टोक सरळ होतं आणि दुसऱ्याचा फास त्याच्यावरून सरकून निघतो. जी गाठ सोडता येत नाही तिला लोक कात्री लावतात, आणि मग कापड परत येत नाही.

बाटलीला ७५ ते ८० सेंटिमीटरचा चौकोन हवा, म्हणजे ब्लाउज पीसच. बाटली मधोमध उभी करा, समोरासमोरची दोन टोकं बुचावर बांधा, उरलेली दोन मानेभोवती फिरवून पुढे गाठवा.

खाण्याच्या भेटींचं वेगळं. गोव्यात नाताळला शेजाऱ्यांकडे कोंसुआद, म्हणजे गोडाधोडाचं ताट, जाते: नेवऱ्या, दोदोल, कुलकुल, बेबिंका. यातलं काही वर्तमानपत्रात गुंडाळू नका. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी ते बंद केलं आहे, कारण शाई अन्नात उतरते. दोदोलाला खोबऱ्याचं तेल सुटतं, थेट कापडात बांधलात तर डाग जात नाही. केळीचं पान विस्तवावरून फिरवा. रंग गडद होऊन चमक आली की ते न फाटता वळतं. पानात दोदोल, पान डब्यात, डबा कापडात. पान त्याच दिवशीचं हवं, दुसऱ्या दिवशी ते काळं पडतं.

समोरच्या टेबलावर चौकोन ठेवले आहेत, प्रत्येकी एक पुस्तक आहे. डावं टोक वर घेऊन सुरुवात करा.