पिनियनचे तीन दात

बॉडीच्या चार क्लिपा काढल्या की आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी, गाडी खरी दिसते. पुढे सर्व्हो, तो चाकं वळवतो. रिसीव्हर रिमोटचं ऐकतो. ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर, बॅटरीचा करंट हिशेबात मोटरला सोडतो. पुढे-मागे डिफरन्शियल, ते वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतात. चारही चाकांना धक्के झेलणारे, तेल भरलेले शॉक. एवढी ओळख पुरे, आपलं काम मोटरच्या टोकाशी आहे.

तिथे दोन गिअर एकमेकांना भिडलेत. मोटरच्या शाफ्टवरचा छोटा पोलादी पिनियन आणि मोठा प्लास्टिकचा स्पर. मध्ये खडा अडकला तर आधी स्परचे दात जातात. जाऊ द्या, तोच स्वस्त आहे.

आता दात मोजू. स्पर ८७, पिनियन २१. भागाकार ४.१४. या गाडीच्या आतल्या गिअरचं गुणोत्तर २.६. दोन्हींचा गुणाकार १०.८, म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे मोटरच्या जवळपास अकरा. हा फायनल ड्राइव्ह रेशो. नुसतं ‘पिनियन केवढा?’ विचारून काहीच कळत नाही.

मोटर ३३०० केव्हीची. याचा किलोव्होल्टशी संबंध नाही. एका व्होल्टमागे, भार नसताना, मिनिटाला ३३०० फेरे, एवढाच अर्थ. टू-एस लिपो, म्हणजे दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी, ७.४ व्होल्टची, म्हणजे २४,४२० फेरे. टायर ६६ मिलिमीटरचा धरला तर वेग ताशी २८ किलोमीटर. तोही कागदावर, मैदानात कमीच.

मग कोणीतरी म्हणतंच, “काऊन बे, एवढा छोटा टाकून राहिला? पंचवीसचा टाक ना!” टाकला, तर गाडी डांबरावर पळतेही झकास. पण चाकावरचा जोर घटतो, तो भरून काढायला मोटर जास्त करंट ओढते. करंट दुप्पट झाला की वाइंडिंगमधली, म्हणजे मोटरच्या आतल्या तारेच्या गुंडाळीतली, उष्णता चौपट होते.

आणि हे नागपूर आहे. जानेवारीत २५ अंशांच्या हवेत मोटर ७० अंशांपर्यंत तापत असेल, तर मे महिन्यात ४५ अंशांत तेवढ्याच कामाला ती नव्वदीच्या घरात जाते. फार तापलेल्या मोटरचे चुंबक कमजोर पडतात, आणि मग ती थंड झाली तरी जुना दम परत येत नाही.

म्हणून उन्हाळ्यात २१ काढून १८ चा पिनियन. रेशो १२.६, वेग ताशी २४. चार किलोमीटर गेले, पण मातीत वळणातून सुटताना हीच गाडी झटकन निघते. मला तरी हा सौदा महाग वाटत नाही.

बदलताना पिच, म्हणजे दातांचं माप, जुळलाच पाहिजे. ४८ पिचच्या स्परवर ३२ पिचचा पिनियन चालवला की दात सोलून निघतात. पिनियनला शाफ्टवर धरून ठेवणारा बिनडोक्याचा ग्रब स्क्रू शाफ्टच्या चपट्या बाजूवरच आवळायचा, थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, थेंब लावून. मग वहीच्या कागदाची बारीक पट्टी दोन गिअरांमध्ये घालायची, मोटर स्परकडे दाबून तिचे स्क्रू कसायचे आणि स्पर फिरवून पट्टी बाहेर काढायची. पट्टीवर दातांच्या घड्या उमटायला हव्यात, पण ती फाटता कामा नये. पिनियन धरून स्पर बोटाने हलवला की किंचित टकटक जाणवते. ती पूर्ण फेरीभर तपासा, कारण स्पर कधीकधी अगदी गोल नसतो.

आता पाच मिनिटं गाडी पळवा आणि टेम्परेचर गन मोटरवर धरा. आकडा ८० च्या वर गेला? अजून एक दात कमी करा.