मुकी चप्पल

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कानांविषयी, आणि त्यातही कानातल्या मळाविषयी. विषय ऐकून नाक मुरडू नका. 30 वर्षं मी परिचारिका म्हणून काम केलं. "वय झालं, आता असंच चालायचं" म्हणून गप्प बसलेली कितीतरी माणसं पाहिली, आणि त्यातल्या काहींचं ऐकणं निव्वळ मळानं अडवून धरलं होतं. त्यातलेच एक माझे सख्खे मामा.

मामा कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले, तालमीत वाढलेले. पायात कायम करकर वाजणारी कापशी चप्पल. गल्लीच्या तोंडाशी ती करकर ऐकू आली की मामी चहाचं आधण ठेवायची. 74 व्या वर्षी मामांनी चप्पल लाईनमधून नवा जोड घेतला आणि तिसऱ्याच दिवशी पिशवीत घालून परत नेला. "वाजत न्हाई ही." कारागिरानं स्वतः पायात घालून दुकानात चार पावलं टाकून दाखवली. मामा म्हणाले, "कुठं वाजती? मुकी चप्पल दिलीस मला." कारागीर त्यांच्याच वयाचा, 40 वर्षांची ओळख. त्यानं मुकाट्यानं जोड बदलून दिला. तोही मुका! तिसऱ्या खेपेला शब्दानं शब्द वाढला आणि दोघांचं बोलणंच बंद झालं.

श्रावणात मी त्यांच्याकडे गेले. मामी स्वयंपाकघरातून तीनदा जेवायला हाक मारत होती, मामांची मान पेपरातच. मग उठले, चप्पल चढवली आणि मला म्हणाले, "आता तूच ऐक पोरी, हाय का आवाज?" घराचा अख्खा सोपा करकरत होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. तेवढ्यात त्यांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि सवयीनं कानात फिरवली. रोज फिरवायचे म्हणे.

दुसऱ्या दिवशी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं. दोन्ही कान बंद, मळ किल्लीनं ठासून पार आत बसलेला. त्यांनी मळ मऊ करायचे थेंब दिले, पाच दिवस. सहाव्या दिवशी कोमट पाण्याच्या पिचकारीनं कान धुतला. कानाखाली ट्रे मीच धरला होता. आधी गढूळ पाणी आलं, मग एक गोळा टपकन पडला, हरभऱ्याएवढा, जुन्या चिंचेसारखा काळा. मामा दचकले. "पंखा एवढा वाजतोय व्हय?"

बाहेर पायरीवर पहिलं पाऊल टाकलं आणि थबकले. परत एक पायरी वर, परत खाली. "वाजती की गं!" डोळे भरून आले होते त्यांचे. मी रिक्षाला हात केला, तर म्हणाले, "रिक्षा नको, चालत जाऊ." गेलो ते थेट चप्पल लाईनला. मामांनी डोक्यावरची टोपी काढली आणि कारागिराला म्हणाले, "चप्पल बोलत हुती, कान माझं मुकं झालं हुतं. चूक माझी." त्यानं काही उत्तर दिलं नाही. बसायचा पाट पुढं सरकवला आणि पोराला दोन चहा सांगितले.

आता थोडं कानाचं. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब. मळ तयार होतो तो तिच्या बाहेरच्या भागात. पडद्याजवळ मळ बनतच नाही, तिथं सापडला तर बहुतेक वेळा तो आपणच ढकललेला असतो. एरवी आतली कातडी बाहेरच्या बाजूला सरकते आणि मळ आपोआप बाहेर आणते. म्हातारपणी मळ कोरडा होतो, कानातले केस राठ होतात, ऐकण्याचं मशीन वाट अडवतं, म्हणून तो साचतो. परत सांगते, कानात काडी नको, किल्ली नको, आकडा नको, कापूस लावलेली काडीसुद्धा नको. लसूण घालून कडवलेलं तेलही नको.

पडदा फाटलेला असेल, कान वाहत असेल किंवा कानाचं ऑपरेशन झालं असेल, तर थेंब किंवा पाणी घालण्याआधी डॉक्टरांना सांगा. मधुमेह असेल तर हमखास सांगा. वयस्कर मधुमेहींच्या कानातला साधा ओरखडाही चिघळून हाडापर्यंत जाऊ शकतो. आणि एका कानानं एकाएकी ऐकू येईनासं झालं तर मळ समजून थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्यावरचं औषध लवकर सुरू झालं तरच चांगलं लागू पडतं.

मळ काढल्यावर मामांना सगळंच परत मिळालं, असं नाही. वयानं जायचं ते गेलंच होतं. 'स', 'श' अजून निसटतात त्यांच्या कानातून. मोठ्या आवाजानं गेलेलंही असंच परत येत नाही, आणि इथं मला राहवत नाही म्हणून बोलते. विसर्जनाला महाद्वार रोडवर डॉल्बीच्या भिंती उभ्या राहतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. 2000 सालच्या नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा लिहिलेली आहे. आपली हलगी काय कमी आहे का? हलगी-घुमकं घुमलं की अंगावर काटा येतो, त्याला भिंत कशाला लागते? आतल्या कानाच्या पेशी एकदा मेल्या की त्यावर थेंब नाहीत, पिचकारी नाही.

तर घरात कुणी टीव्हीचा आवाज वाढवत असेल, हाकेला ओ देत नसेल, तर मशीन विकत घेण्याआधी कान तपासून घ्या. आधी कान तपासा, मग मशीन. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यात कान-नाक-घसा विभाग आहे, केसपेपर काढा आणि दाखवा. आधीचं मशीन असेल तर तेही पिशवीत घालून न्या, मळ त्याच्या तोंडाशीही अडकतो. नमस्कार.