अटक म्हणजे आडनाव

श्रोतेहो, नमस्कार.

बडोद्याच्या एका लॉ कॉलेजात मी शेवटच्या वर्षाला आहे. वय ४३. मुलगी यंदा बारावीला, त्यामुळे घरात अभ्यासाचं टेबल एक आणि उमेदवार दोन. रात्री दहानंतर टेबल माझं, असा आमचा करार झालाय. तोंडी. तोंडी करारही कायद्याला मान्य असतो, हे मी तिला पहिल्याच सत्रात ऐकवलं. तो सिद्ध करताना किती नाकी नऊ येतात, हे मग तिने मला शिकवलं.

आज माइकसमोर मी एकटी असले तरी बोलायचं काय ते आमच्या वर्गाने मिळून ठरवलंय. प्रवेशाच्या दिवसांत आम्ही आठ-दहा जण कॉलेजच्या फाटकाशी टेबल टाकून बसतो. फॉर्म कुठे मिळतो, कुठला दाखला लागतो, हे लोकांना मोबाइलवर कळतंच. आमच्याकडे येतात ते वेगळंच विचारायला. आधी दोन चकरा मारतात, पाणी पितात, आणि मग आवाज खाली आणून म्हणतात, "आमच्यासारख्यांचा इथे निभाव लागेल का हो?"

आता 'आमच्यासारखे' म्हणजे कोण, हे दर माणसागणिक बदलतं. कुणाचं इंग्रजी कच्चं. कुणाच्या सात पिढ्यांत वकील नाही. कुणाचे केस पांढरे झालेले. एका बाईंना एवढंच हवं होतं, की वर्गात साडी नेसून बसलं तर पोरं हसतात का. हसत नाहीत. पोरांना स्वतःच्याच भानगडी पुरेशा असतात.

माझं सांगायचं तर, माझे वडील न्यायमंदिरासमोर टायपिंग करायचे. सूरसागरजवळची ती १८९६ सालची देखणी इमारत बडोदेकरांना सांगायला नको. कोर्टं आता तिथून दिवाळीपुऱ्याला गेली, पण माझ्या डोळ्यांसमोर अजून बाबांची छत्री, पत्र्याचं टेबल आणि गुजराती टाइपरायटर आहे. घरात आम्ही मराठी बोलायचो आणि घर चालायचं गुजराती सोगंदनाम्यांवर. सोगंदनामू म्हणजे आपलं प्रतिज्ञापत्र. नवखा वकील मसुदा घेऊन आला की बाबा हळूच म्हणायचे, साहेब, इथे एक ओळ राहिलीय. साहेब ती ओळ घालायचे आणि अशिलाकडून फी घ्यायचे. बाबांना पानामागे ठरलेले पैसे. तीसेक वर्षं त्यांनी कोर्टाचे कागद टाइप केले, पण सुनावणी चालू असताना आत जाऊन बसले नाहीत कधी. "आपलं काय काम तिथे?" म्हणायचे. मी फॉर्म भरला तेव्हा ते नव्हते. असते तर आधी फॉर्मातल्या टायपिंगच्या चुका काढल्या असत्या.

पण मला आज मुख्य सांगायचंय ते एका शब्दाबद्दल.

आमच्या वर्गात जळगावकडून आलेला एक मुलगा आहे. वडिलांची बदली झाली म्हणून इकडे आला, गुजरातीचा गंध नाही. प्रवेशाच्या खिडकीवर कारकुनाने मान वर न करता विचारलं, "तमारी अटक?" याचा चेहरा पांढराफटक. "नाही हो, माझ्यावर काहीच गुन्हा नाही." मागची रांग हसून लोळली. गुजरातीत अटक म्हणजे आडनाव, हे त्याला कुणीतरी समजावलं तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. अजून आम्ही त्याला 'जामिनावर सुटलेला' म्हणतो.

हाच शब्द आमच्या एका मैत्रिणीच्या वाट्याला दुसऱ्या तऱ्हेने आला. ती सौराष्ट्रातल्या एका खेड्यातली, दलित घरातली. हॉस्टेलला नंबर लागला नाही म्हणून खोली शोधत होती. मी बरोबर होते. घर दाखवलं, भाडं ठरलं, पाण्याची वेळसुद्धा सांगून झाली. आणि मग मालकाने विचारलं, "तमारी अटक?" तिने सांगितली. मालकाला अचानक आठवलं, की खोली पुतण्यासाठी ठेवायची आहे. त्या आठवड्यात अशा पुतण्यांच्या चार खोल्या आम्ही पाहिल्या. त्याच सुमारास वर्गात घटनेचं २२वं कलम चालू होतं: कुणालाही अटक केली तर तिचं कारण शक्य तितक्या लवकर सांगावं लागतं आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावं लागतं. ती वहीत लिहिता लिहिता पुटपुटली, "मराठी अटकेला निदान कारण तरी द्यावं लागतं."

आणि हे कुठे घडतंय, तर बडोद्यात. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. १९१७ मध्ये करारानुसार संस्थानच्या नोकरीसाठी इथे आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी सरायीत ओळख लपवून काही दिवस काढले, तिथूनही लोकांनी हुसकावलं. शेवटी सयाजीबागेत, तेव्हाच्या कमाटी बागेत, झाडाखाली बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. आज तिथे संकल्पभूमी हे त्यांचं स्मारक आहे. आमची मैत्रीण दर रविवारी तिथे जाऊन वाचत बसते. बाकी कुठे एवढी शांतता नसते, म्हणते.

तिला खोली शेवटी मिळाली ती वर्गातल्याच एका काकांच्या माडीवर. काका बँकेतून निवृत्त झालेले, वय ६२. ऐकायला छान वाटतं ना? पण काकूंनी होकार द्यायला तीन दिवस घेतले, हे काकाच आम्हाला सांगतात. आता काकू तिच्या हातच्या बाजरीच्या रोटल्यासाठी अडून बसतात, हा पुढचा भाग.

याच काकांना मोडी वाचता येते. जुन्या वाड्यांच्या वाटणीचे मोडी कागद घेऊन ज्युनिअर वकील त्यांच्याकडे येतात आणि काका परीक्षेचा अभ्यास सोडून ते वाचत बसतात. मागच्या सत्रात त्यांचा एक विषय राहिला, तो यामुळेच.

आमच्याकडे पहिल्या वर्षी एकदा भांडण झालं होतं, की क्लायंटला आपल्या भाषेत म्हणायचं काय. मी म्हटलं, अशील. गुजराती मुलं म्हणाली, असील. कानपूरकडच्या मुलीने ठासून सांगितलं, मुवक्किल. पाणीगेटचा एक मुलगा शांतपणे म्हणाला, "भांडा खुशाल, शब्द सगळे अरबीच आहेत." त्या दिवशी सरांनी ग्रंथालयातून एक जाडजूड कोश मागवला: श्री सयाजीशासनशब्दकल्पतरू, बडोदा संस्थानने १९३१ साली काढलेला. राज्यकारभारातल्या शब्दांना त्यात आठ भाषांतले पर्याय आहेत. इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली. सयाजीराव महाराजांना ठाऊक होतं, की फिर्याद लिहिणारा एका भाषेतला, ऐकणारा दुसऱ्या आणि निकाल तिसऱ्या. आजही तेच आहे. तालुक्याच्या कोर्टात साक्षीदार गुजरातीत बोलतो, अहमदाबादला हायकोर्टात गेला की त्याचं सगळं इंग्रजीत होतं. मधे कुठे काय सांडलं, हे ज्याला दोन्ही बाजूंचं कळतं त्यालाच दिसतं.

छोटाउदेपूरकडचा आमचा राठवा आदिवासी मित्र. पहिले सहा महिने वर्गात तोंड उघडलं नाही त्याने, कारण इंग्रजी. मग एकदा जमिनीच्या कायद्याच्या तासाला मॅडमनी कलम ७३ एए विचारलं. आदिवासीची जमीन कलेक्टरच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही, असं सांगणारं हे गुजरातच्या जमीन महसूल कायद्यातलं कलम. इंग्रजी माध्यमाची सगळी बाकं गप्प. हा उठला आणि अर्ध्या गुजरातीत, अर्ध्या मोडक्या इंग्रजीत वीस मिनिटं बोलला. परवानगी कुणी मागायची, तलाठी काय अडवतो, पन्नास रुपयांच्या स्टॅम्पवर अंगठा घेऊन लोक जमीन कशी बळकावतात. दुसऱ्या दिवशी दोन हुशार मुलांनी त्याच्याकडे नोट्स मागितल्या. त्याच्याकडे नोट्स नव्हत्या. आजोबांचा सातबारा होता.

वर्गातल्या एका मुलीला दिसत नाही. मोबाइल तिला वाचून दाखवतो, तोही एवढ्या वेगाने, की आम्हाला नुसती माशी गुणगुणल्यासारखं ऐकू येतं. अडचण येते ती जुन्या निकालांची. पानाचा नुसता फोटो काढून चढवलेली फाइल तिचा फोन वाचू शकत नाही. मग आम्ही पाळीपाळीने टाइप करून देतो. माझा वेग बाबांकडून आलेला. ३ मार्च २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की दिसत नाही एवढ्यावरून कुणालाही न्यायाधीशपदाच्या परीक्षेतून वगळता येणार नाही. मध्य प्रदेशातल्या एका नियमावरून ते प्रकरण उभं राहिलं होतं. त्या संध्याकाळी तिने सगळ्यांना सेव-उसळ खाऊ घातली. एरवी ही मुलगी चहाचे दहा रुपयेही लिहून ठेवते!

आता कामाचं पटकन सांगते, पेन घ्या. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, पदवीनंतर तीन वर्षांचा. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे किमान गुण सर्वसाधारण गटाला ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. कमाल वयाच्या अटीला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्थगिती दिली, म्हणून तर काका आणि मी इथे आहोत. क्लॅट ही प्रवेशपरीक्षा राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी असते. वकील व्हायला ती द्यावीच लागते, हा गैरसमज. पण ज्याला तिकडे जायचंय आणि घरची परिस्थिती नाही, त्याने 'इडिया'ची चौकशी करावी. शमनाद बशीर या प्राध्यापकांनी २०१० साली ती चळवळ सुरू केली, अशाच मुलांची तयारी करून घेण्यासाठी.

वकिलीच्या सनदेच्या फीला लोक फार घाबरतात. ठिकठिकाणी ती हजारोंत घेतली जात होती. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की १९६१ च्या वकील कायद्यात लिहिलंय तेवढीच घ्या: ७५० रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. शिवाय अखिल भारतीय बार परीक्षाही द्यावी लागते. आणि न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर मे २०२५ च्या निकालानंतर आधी तीन वर्षं वकिली करावी लागणार. आमच्या वर्गातल्या चौघींचे बेत त्या एका निकालाने पुढे गेले.

हो, आणि जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात म्हणून दादाची भारतीय दंड संहिता घेऊन येऊ नका. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झालीय. ५११ कलमांची आता ३५८ झालीत. फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलं. शिवी तेवढी चारसोबीसच राहिली. गंमत म्हणजे जुन्या वकिलांना नवे आकडे आठवत नाहीत आणि आम्हाला जुने माहीत नाहीत. कधी नव्हे ते सीनिअर आमच्याकडे वळून विचारतात, "ए, खून आता किती?" आम्ही तोऱ्यात सांगतो, "१०३."

इंग्रजीचं खोटं सांगणार नाही. निकाल इंग्रजीत असतात आणि वाक्यं अर्ध्या पानाची. मी पहिला निकाल नऊ दिवस वाचत होते. आता आम्ही मंगळवारी आणि शुक्रवारी सुटल्यावर गोल करून बसतो, एकाने मोठ्याने वाचायचं आणि कळलं नाही तिथे कुणीही हात वर करायचा. पहिल्या महिन्यात पान उलटत नाही. मग उलटतं. पैशाचंही खोटं सांगणार नाही. ज्युनिअर म्हणून पहिली दोन-तीन वर्षं हातात पडतं त्यात गाडीचं पेट्रोल निघालं तरी पुष्कळ. आमच्यातला रिक्षा चालवणारा एक जण दुसऱ्या वर्षात थांबला. हप्ते आणि हजेरी दोन्ही सांभाळता येईना. त्याची वही आम्ही ठेवलीय, बाकही तोच. तो कधी कधी फाटकाशी रिक्षा उभी करून विचारतो, आज काय झालं वर्गात.

तर यंदाही आमचं टेबल फाटकाच्या आत डाव्या हाताला, कडुलिंबाखाली असेल. सकाळी साडेदहापासून. जळगावचा मुलगा मराठी आणि आता बऱ्यापैकी गुजराती बोलतो, राठवा मित्र राठवीत समजावेल, कानपूरवाली हिंदीत. काकांसाठी एक खुर्ची असते, ती सोडून कुठेही बसा. येताना शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, लागू असेल त्यांनी जातीचा दाखला आणावा. झेरॉक्स घरूनच दोन-दोन जास्त काढून आणा, कारण समोरचा झेरॉक्सवाला एकला शटर पाडून जेवायला जातो, तो चारशिवाय येत नाही.