ड्युशेनचा मुलगा मोठा होतो तेव्हा

(दृश्य: रात्र. पलंगाशेजारी सुरू असलेला व्हेंटिलेटर.)

अंग अवघडलं की आपण झोपेतच कूस बदलतो. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू झिजत जाण्याचा आजार असलेल्या तरुणाला त्यासाठी हाक मारावी लागते. आई उठते. गुडघ्याखालची उशी काढते, त्याला अलगद वळवते, कान दुमडला नाही ना ते बघते, मास्कचा पट्टा सारखा करते. थोड्या वेळाने पुन्हा हाक. रात्रीपुरता शिकलेला मदतनीस मिळाला, तर हे घर झोपू शकेल. पण औषधांच्या चिठ्ठीवर झोप कुणी लिहून देत नाही.

हा आजार एक्स गुणसूत्रावरच्या जनुकातल्या दोषामुळे, मुख्यतः मुलग्यांना होतो. स्नायूंना झीज होण्यापासून वाचवणारं डिस्ट्रॉफिन हे प्रथिन जवळजवळ बनतच नाही. ते १९८७ मध्ये सापडलं. पूर्वी ही मुलं विशीच्या आसपासच जात. स्टेरॉइड, हृदयाची औषधं आणि व्हेंटिलेटर यांमुळे आता अनेक जण तिशी गाठतात.

(दृश्य: मांडीवर फायलींचा गठ्ठा.)

आणि इथेच हात सुटतो. १८ वर्षं झाली की बालरोग विभाग संपतो. पुढे हृदयाचे डॉक्टर वेगळे, फुफ्फुसांचे वेगळे, हाडांचे वेगळे. सगळ्यांचं म्हणणं जुळवायचं कुणी? घरच्यांनीच. तरुणाला डॉक्टरांशी एकट्याने बोलायचं असतं, नोकरीबद्दल, प्रेमाबद्दल विचारायचं असतं. प्रश्न मात्र त्याच्या डोक्यावरून आईला विचारले जातात. हे मला फार लागतं.

अचानक दवाखाना गाठावा लागला, तर माहितीचा अभाव जिवावर बेतू शकतो. श्वासाचे स्नायू थकलेले असताना नुसता ऑक्सिजन लावला, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. सोबत व्हेंटिलेटरचा आधार लागतो. भूल देताना सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं औषध वापरलं, तर हृदय बंद पडू शकतं. हे घरच्यांना तोंडपाठ असतं, पण ऐन घाईत त्यांचं ऐकून घेतलं जाईलच असं नाही. रुग्णाच्या नोंदीत पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत हे असायला हवं.

राहिली आई. दोष तिच्याकडून आलेला असेल, तर तिच्याही हृदयाचे स्नायू कमजोर होऊ शकतात, म्हणून तिची ठरावीक काळाने तपासणी व्हायला हवी. मुलाच्या इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या दिवशी ती बाहेर बाकावर बसलेलीच असते. त्याच दिवशी, त्याच मशीनवर तिचाही इको काढा.