टेकायचं कशावर?

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम.

आज मला दिलेलं वचन आपल्यापैकी निम्म्या घरांत भिंतीवर लावलेलं असेल. नीतिसूत्रे, तिसरा अध्याय, पाचवं आणि सहावं वचन. "तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस, तू आपल्या सर्व मार्गांत त्याचा आदर कर, म्हणजे तो तुझा मार्गदर्शक होईल." संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं, लग्नात फ्रेम करून भेट आलेलं. वचन इतकं ओळखीचं झालं की ते वाचायचं राहून जातं. माझं तसंच झालं होतं. पन्नाशी उलटून गेल्यावर मी ते खऱ्या अर्थाने वाचलं, आणि ते कुठे वाचलं हे पुढे सांगतो.

आधी मनातली एक खंत सांगून टाकतो. या वचनाचा आपण मंडळीत फार चुकीचा वापर केला आहे. एखादा कॉलेजातला मुलगा प्रामाणिकपणे विचारतो, "अंकल, हे असं कसं?" त्याला उत्तर मिळतं, "जास्त डोकं चालवू नकोस, विश्वास ठेव." तो मुलगा पुढच्या रविवारी येत नाही. एखाद्या बहिणीला गाठ असते, तिला कोणीतरी म्हणतं, "डॉक्टर कशाला, प्रार्थना कर." हा भाव नाही, हा दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. ज्या पुस्तकात हे वचन आहे त्याच पुस्तकात, त्याच अध्यायात, आठच वचनं पुढे लिहिलंय की ज्याला ज्ञान सापडतं तो धन्य. सगळं नीतिसूत्रे पुस्तक ज्ञान मिळव, सुज्ञता मिळव म्हणून बापाने मुलाच्या पाठी लागावं तसं आपल्या पाठी लागलेलं आहे. आणि प्रेषित पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता. कलस्सैकरांस पत्रात पौल त्याला "प्रिय वैद्य" म्हणतो. पौलाने त्याला औषधांची थैली टाकून दे असं सांगितल्याचं मला तरी कुठे आढळलेलं नाही.

मग "अवलंबून राहू नकोस" म्हणजे काय? मूळ हिब्रूत इथे जे क्रियापद आहे त्याचा अर्थ टेकणे, अंगाचा भार टाकणे. शरीराचा शब्द आहे तो. गिलबोवा डोंगरावर हरलेला शौल राजा भाल्यावर टेकून उभा होता असं २ शमुवेलात सांगितलंय, तिथे हाच शब्द. अरामाचा राजा देवळात वाकताना आपला सेनापती नामान याच्या हातावर टेकायचा, तिथेही हाच. आणि ज्या हातावर राजा टेकायचा, तो हात कोड झालेल्या माणसाचा होता! माझे वडील शेवटची चार वर्षं काठी घेऊन चालायचे. काठीचं टोक झिजलं की रबराची टोपी बदलून आणायचं काम माझ्याकडे. काठी हातात धरणं वेगळं आणि काठीवर भार टाकणं वेगळं, हे मी रोज बघत होतो. तब्येत बरी असली की ते ती नुसती हातात धरायचे, तिने कुत्री हाकलायचे, वाटेतला दगड बाजूला सारायचे. बुद्धी हातात धर, वापर, तिने वाटेतला दगड सार. पण सगळा भार तिच्यावर टाकलास तर ज्या दिवशी ती मोडेल त्या दिवशी तूही पडशील. वचनाचं म्हणणं एवढंच आहे.

बुद्धी वापरून भार मात्र देवावर टाकणारं माणूस कसं दिसतं? आपल्या मातीतलं उदाहरण आहे, म्हणून लांब जात नाही. पंडिता रमाबाई. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. आईने तेच संस्कृत मुलीला शिकवलं. दुष्काळात वडील गेले, आई गेली, बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं देशभर पायी फिरली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या दिल्या. त्या काळात या देशात तिच्याएवढी शिकलेली बाई शोधून सापडली नसती.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरही त्यांनी प्रश्न विचारणं सोडलं नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्यावर वाद घातला. ज्या मठवासी भगिनींनी आसरा दिला त्यांनाच पत्रातून कळवलं की पाद्री किंवा बिशप यांच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मानायला मी बांधील नाही. हे वाचून काहींना वाटतं, बाई हट्टी होत्या. मला वाटतं, देवाने दिलेल्या डोक्याचा त्यांनी मान राखला.

पण त्याच रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी माझ्या लक्षात आलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. आठ वर्षं! तोवर मुंबईत विधवांसाठी शारदा सदन निघालं होतं, पुण्याला आलं होतं, अमेरिकेत भाषणं झाली होती, पुस्तक छापून झालं होतं. सगळं पटलेलं होतं. टेकणं व्हायचं होतं. या कबुलीपाशी मी नेहमी थांबतो, कारण आपण बहुतेक जण त्या आठ वर्षांतच राहतो. धर्म पटलेला, सभासद म्हणून नाव लावलेलं, वर्गणी भरलेली. भार मात्र दुसरीकडेच.

ते टेकणं किती खरं होतं ते १८९६-९७ च्या दुष्काळात दिसलं. अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षं मदतीचा शब्द दिला होता, ती मुदत १८९८ मध्ये संपत आली होती. ती मदतही ठरावीक विधवांसाठी. पुण्यात प्लेग. हिशेब केला असता तर उत्तर एकच होतं: जागेवर बसा. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून उपाशी मुली, बायका घेऊन आल्या, शेकड्यांनी आणल्या. स्वतः त्या वयात उपाशी फिरलेली बाई ती, त्या डोळ्यांतलं बघून परत फिरणार कशी? केडगावला, दौंडजवळच्या त्या कोरड्या माळावर, मुक्ती सदन उभं राहिलं.

आणि आता नीट ऐका. तिथे त्या नुसत्या गुडघ्यांवर बसून राहिल्या नाहीत. गुडघ्यांवर बसल्याच, पण विहिरी खणल्या, भाजीपाला लावला, गाईगुरं पाळली, माग बसवले, छापखाना काढला आणि मुलींना टाईप जुळवायला शिकवलं. मग हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं. खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत. हे डोकं बाजूला ठेवून होतं का? आपल्यानंतर मुलगी मनोरमा काम सांभाळेल असं त्यांच्या मनात होतं. मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली, आईच्या आधी. एवढं सरळ, शहाणपणाचं नियोजन आणि ते मोडलं. रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. भाषांतराचं काम हातावेगळं झालं होतं. पूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून निघालं, ते बघायला त्या नव्हत्या.

आता शास्त्रातला एक माणूस घेतो, ज्याच्यावर आपल्याकडे क्वचितच उपदेश होतो. यहूदाचा राजा आसा. तरुणपणी त्याच्यावर कूशी जेरह प्रचंड सैन्य घेऊन आला, तेव्हा आसाने प्रार्थना केली: हे प्रभू, आम्ही तुझ्यावर टेकलो आहोत. तोच हिब्रू शब्द. देवाने जय दिला. मग वर्षं गेली. राज्याच्या छत्तिसाव्या वर्षी इस्राएलचा राजा बाशा रामा हे ठाणं बांधून यहूदाची वाट अडवू लागला. आसा आता अनुभवी होता. त्याने मंदिरातलं सोनं-रुपं काढलं आणि अरामाचा राजा बेन-हदाद याला पाठवलं: बाशाशी केलेला करार मोड आणि त्याच्यावर चालून जा.

आणि युक्ती लागू पडली. बाशाने रामा सोडलं. आसाने तिथलेच दगड आणि लाकडं नेऊन आपली दोन गावं बांधली. समोरच्याच्याच दगडांनी आपल्या भिंती उभ्या राहिल्या! मी पस्तीस वर्षं बँकेत काढली. अशा अधिकाऱ्याला आम्ही बढती दिली असती. आणि नेमकं तेव्हा हनानी द्रष्टा येऊन म्हणतो, तू अरामाच्या राजावर टेकलास, परमेश्वरावर टेकला नाहीस. पुन्हा तोच शब्द, दोन वचनांत तीनदा.

आपली बुद्धी नापास झाली म्हणजे आपण देवाकडे वळतो, त्यात विशेष काही नाही. कठीण असतं ते बुद्धी पास झाल्यावर. एकदा युक्ती चालली की माणूस पुढच्या वेळी प्रार्थनेला बसत नाही, थेट तिजोरी उघडतो. आसाने हनानीला कैदेत टाकलं. तीन वर्षांनी पायांना मोठा आजार झाला, तेव्हाही तो परमेश्वराकडे वळला नाही, फक्त वैद्यांकडे गेला. "फक्त" हा शब्द महत्त्वाचा. वैद्यांकडे जाण्यात खोट नव्हती.

आता माझं सांगतो. एप्रिल २०२१. माझा धाकटा भाऊ कोविडने दवाखान्यात. आत कोणाला सोडत नव्हते. मी बँकेतला माणूस, मी एक वही केली. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. रकाने आखले: वेळ, ऑक्सिजन, नाडी, ताप, इंजेक्शन. दर दोन तासांनी फोन करून आकडे घ्यायचे आणि लिहायचे. ९३. ९१. ९२. ८८. रात्री तीन वाजता मी त्या आकड्यांची सरासरी काढत बसायचो. मला वाटत होतं, आकडे नीट कळले तर भाऊ हातातून सुटणार नाही. प्रार्थना मी करत होतो, खोटं कशाला बोलू. पण टेकलो होतो त्या वहीवर.

आठव्या दिवशी त्याने स्वतः फोन केला. मास्कमधून आवाज तुटत होता. मी लगेच विचारलं, "आत्ता किती दाखवतंय रे?" तो म्हणाला, "दादा, आकडे राहू दे. वाच काहीतरी." मला दुसरं काही सुचेना, मी तेविसावं स्तोत्र वाचायला लागलो. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे; मला काही उणे पडणार नाही. तो मागून म्हणत होता, दम लागला की थांबत होता. त्या वेळी माझी वही समोर उघडी होती आणि मी त्या वेळेचा आकडा लिहिलाच नाही. तो रकाना अजून कोरा आहे. फोन ठेवल्यावर मी बायबल मिटलं नाही, पानं मागे-पुढे करत राहिलो आणि नीतिसूत्रे तीन समोर आलं. तेव्हा वाचलं मी ते.

अकराव्या दिवशी तो गेला.

इथे मी कुठलंही स्पष्टीकरण देणार नाही. लोकांनी मला खूप दिली. त्यांचं प्रेम होतं, मी ऐकून घेतलं. माझ्याकडे उत्तर नाही, आणि मी ते बनवणार नाही. देवावर भाव ठेवला की आपल्याला हवं तेच होतं असं कोणी या व्यासपीठावरून सांगत असेल तर ते शास्त्रात नाही. सहावं वचन म्हणतं, तो तुझा मार्गदर्शक होईल. मूळ शब्द आहेत: तो तुझ्या वाटा सरळ करील. वाट छोटी करील, सोपी करील असं म्हटलेलं नाही. आणि "त्याचा आदर कर" यामागचा मूळ शब्द आहे, त्याला ओळख. प्रत्येक वाटेवर त्याला ओळख. माझ्या भावाने त्या वाटेवर त्याला ओळखलं, माझ्याआधी ओळखलं, एवढं मी साक्ष म्हणून सांगू शकतो.

पुन्हा आसाकडे येतो, कारण त्याची गोष्ट त्याच्यापाशी संपत नाही. त्याचा मुलगा यहोशाफाट गादीवर आला तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. म्हणजे बापाने मंदिराची तिजोरी उघडली तेव्हा तो तिशीचा, जाणता. त्याने ती युक्ती पाहिली, यशही पाहिलं. संदेष्ट्याला बेडीत पडताना आणि बापाला पायांच्या आजाराने बेजार होताना पाहिलं. पुढे त्याच्याही हातून चुका झाल्या, इस्राएलचा राजा अहाब याच्याशी सोयरीक केली ती निस्तरता नाकी नऊ आले. मग एक दिवस मवाब, अम्मोन आणि आणखी लोकांचा मोठा समुदाय चालून आल्याची बातमी आली. तो घाबरला, असं शास्त्र सरळ लिहितं. कोणाला सोनं पाठवायचं हे त्याला माहीत होतं, रस्ता बापाने पाडून ठेवला होता.

त्याने उपास पुकारला. मंदिराच्या अंगणात सगळ्या लोकांसमोर उभा राहिला, आणि राजाच्या तोंडून मी दुसरीकडे कुठे न वाचलेलं वाक्य म्हणाला: काय करावं हे आम्हांला सुचत नाही, पण आमचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत.

मग पुढचं वचन आहे, २ इतिहास २०, तेरावं. सगळं यहूदा परमेश्वरापुढे उभं होतं. त्यांची तान्ही मुलं, बायका, पोरं, सगळे. उत्तर अजून आलेलं नव्हतं. लढाईचं काय होणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पोरं कडेवर घेऊन ते तिथे उभे होते.

आपणही उभे राहू या.